दर पावसाळ्यानंतर दारातला स्पीकर का जातो? जुन्या गाडीत नवा बसवण्याआधी करायच्या तपासण्या

पावसाळा सरला की जुन्या गाडीच्या दारातून खरखर सुरू होते, नाहीतर एका बाजूचा आवाजच जातो. मालक दुकानात जातो, नवा स्पीकर बसवून आणतो आणि पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा तेच. सोसायटीतल्या, नात्यातल्या, मित्रांच्या गाड्यांवर हे काम मी वर्षानुवर्षं करत आलोय. मारुती ८००, झेन, वॅगनआर, सँट्रो, इंडिका, पहिली स्विफ्ट, जुनी सिटी, गाडी कुठलीही असो, मुंबईत दारातला स्पीकर वयामुळे क्वचितच जातो. तो पाण्यामुळे जातो किंवा वायरीमुळे. कारण तसंच ठेवून महागातला स्पीकर बसवला तर तोही एका पावसाचा सोबती. म्हणून नवा कुठला घ्यावा हे मी बरंच खाली लिहिलंय. आधी जुना का गेला ते शोधूया.

आधी लक्षण नीट ओळखा

गाडी बंद जागी उभी करा, एसी बंद ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं ऐका. पुढच्यापैकी तुमचं लक्षण कोणतं ते ठरवा, कारण प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

दार उघडलं-लावलं की आवाज येतो-जातो: वायर तुटतेय, स्पीकर बहुधा चांगला आहे.

पावसात खरखर, दोन दिवस कडक ऊन मिळालं की बरा: कागदी कोन (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा शंकूसारखा पडदा) ओला होऊन फुगतोय किंवा आत ओल आहे. हा स्पीकर जाणार आहे, पण त्याच्या आधी पाण्याचा बंदोबस्त हवा.

एकच स्पीकर पूर्ण गप्प: वायर, जोड किंवा स्पीकरची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं). मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

चारही एकदम गप्प, पण डेकचा (डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टीमचा) दिवा लागलेला: कुठेतरी वायर बॉडीला टेकून शॉर्ट होतेय आणि डेकने स्वतःला वाचवण्यासाठी आवाज कापलाय. चारही स्पीकर एकाच दिवशी मरत नाहीत. असं सांगून कुणी चार नवे विकत असेल तर थांबा.

ठरावीक ठेक्यावरच भणभण: पत्रा, पॅनल किंवा सैल स्क्रू.

सगळे वाजतात पण आवाज पोकळ, बास कुठे गेला कळत नाही: एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडलेत. कुणीतरी नुकताच हात घातलेल्या गाडीत हे फार सापडतं.

ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी: अर्थिंग किंवा अल्टरनेटर. नवे स्पीकर लावले तर हीच शिट्टी आणखी स्वच्छ ऐकू येईल.

आवाज वाढवला की फाटतो, कमी केला की बरा: आधी सेटिंग पाहा, मग डेकची ताकद, मग स्पीकर.

फुकटातल्या तपासण्या

डेकवर बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढे-मागे) मधोमध आहेत का पाहा. बास बूस्ट, लाउडनेस आणि इक्वलायझर सगळे शून्यावर आणा. घरातल्या मुलांनी बास शेवटपर्यंत चढवून ठेवलेला असतो आणि चार इंची स्पीकर बिचारा तो पेलू शकत नाही. ब्लूटूथने गाणी लावत असाल तर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त डेकवरून करा. फोनचा आवाज अर्धा ठेवून डेक वर चढवला की सिग्नलबरोबर खरखरही वाढते. मग एफएम लावून बघा. एफएमवर आवाज स्वच्छ आणि फोनवर फाटका असेल तर स्पीकरला दोष नाही.

आता बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, फेडर पुढे, मग मागे. चारही कोपरे एकेक करून ऐका आणि कागदावर लिहा. हा कागद पुढे कामाला येतो.

उलट्या जोडणीची परीक्षाही इथेच होते. एकाच गायकाचा आवाज असलेलं गाणं लावा, फेडर पूर्ण पुढे घ्या, बॅलन्स मध्ये ठेवा आणि डोकं दोन पुढच्या सीटच्या मधोमध आणा. आवाज डॅशबोर्डच्या मध्यातून यायला हवा. तो कुठूनच येत नाही असं वाटलं, आणि बॅलन्स एका बाजूला नेल्यावर बास उलट वाढला, तर एक जोडणी उलटी आहे. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघं मिळून खालचे सूर एकमेकांत मारून टाकतात. उपाय दोन वायरींची अदलाबदल एवढाच.

भणभणीसाठी ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावा आणि दाराच्या पॅनलवर तळहात दाबत फिरवा. जिथे दाबल्यावर भणभण थांबते तिथली क्लिप तुटलेली किंवा स्क्रू गायब आहे. दाराच्या खिशातली नाणी, टोलच्या पावत्या आणि पाण्याच्या बाटल्याही काढून ठेवा. मागच्या पार्सल ट्रेवर सहा बाय नऊचे अंडाकृती स्पीकर असतील तर ट्रे हाताने दाबून पाहा. जुन्या हॅचबॅकचा ट्रे दाबलेल्या पुठ्ठ्यासारख्या मालाचा असतो, उन्हाने वाकतो आणि स्वतःच वाजायला लागतो. ट्रेच्या टेकणीवर फोमची पट्टी चिकटवली की काम होतं.

थोड्या पैशातल्या तपासण्या

एक डबल-ए सेल, हातभर वायर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. लॅमिंग्टन रोडला दोन-तीनशे रुपयांत चालेल असा मीटर मिळतो. जुनी गाडी ठेवायची तर तो घरात असू द्या.

कुठलीही वायर सोडवण्याआधी चावी काढा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. मात्र त्याआधी एक खात्री करून घ्या. काही कंपनी फिटेड डेक बॅटरी सोडवल्यावर कोड मागतात. तो कोड गाडीच्या कागदपत्रांत किंवा मालकाच्या पुस्तिकेत आहे का ते पाहा. कोड नसेल तर टर्मिनलला हात लावू नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

डेक बाहेर ओढा आणि मागचा प्लग पाहा. डेक पूर्ण गप्प असेल तर त्याच्या पाठीवर बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो, तो तपासा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा एकदा घाला. दुसऱ्यांदा उडाला तर जास्त अँपिअरचा घालू नका. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो आणि तो मोठा केला की फ्यूजच्या जागी वायर जळते.

बाजारातल्या बहुतेक डेकच्या हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) रंग ठरलेले असतात. पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा. त्याच रंगावर काळी रेघ असेल ती मायनस. पिवळी कायमची बारा व्होल्ट, लाल चावीबरोबर येणारी, काळी अर्थ. गाडीच्या मूळ वायरींचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यांच्यावर हे लागू करू नका.

आता सेलची परीक्षा. मला ही सगळ्यात आवडते, कारण पॅनल न उघडता तिच्यातून सर्वाधिक कळतं. डेकचा प्लग पूर्ण सुटलेला असल्याची खात्री करा, सेल डेकच्या आउटपुटला लागता कामा नये. गाडीकडे जाणाऱ्या स्पीकरच्या दोन वायरींना सेलची दोन टोकं क्षणभर टेकवा. दारातून ‘टप्प’ असा आवाज आला म्हणजे डेकपासून स्पीकरपर्यंत वायर सलग आहे आणि कॉइल जिवंत आहे. मग दार हळूहळू उघडत-लावत कुणाला तरी टेकवत राहायला सांगा. एखाद्या कोनात टप्प बंद झालं तर वायर दाराच्या बिजागरीपाशी तुटलीय. स्पीकरची जाळी काढता येत असेल तर कोनची दिशाही पाहा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लागलं की कोन बाहेर येतो.

टप्प आलंच नाही तर मीटर ओहमवर ठेवा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा आधी पाहा, स्वस्त मीटरमध्ये तो अर्ध्या ओहमपर्यंत जातो, आणि पुढच्या वाचनातून वजा करा. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण तीन ते पावणेचारच्या दरम्यान दाखवतो. आकडा येतच नसेल तर कुठेतरी तुटलंय. शून्याजवळ असेल तर शॉर्ट. शेवटी एक पिन स्पीकरच्या वायरीला आणि दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावा. इथे काहीही आकडा आला तर वायर बॉडीला टेकतेय. आजच्या डेकमध्ये स्पीकरची मायनस वायरसुद्धा अर्थ नसते, दोन्ही वायरींवर ॲम्प्लिफायर काम करत असतो. त्यामुळे ‘मायनस बॉडीला जोडली तरी चालतं’ हा फार जुन्या रेडिओच्या काळातला सल्ला आता डेकची आयसी (आतली ॲम्प्लिफायरची चिप) जाळतो.

दार आणि खांबामधलं रबर

पुढचं दार पूर्ण उघडलं की बिजागरीच्या बाजूला, दार आणि गाडीच्या खांबामध्ये, वायरींवर चढवलेली एक घडीची रबरी नळी दिसते. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत ती कडक होऊन चिरलेली असते. दार दिवसातून कितीदा उघडतं याचा विचार करा. तेवढ्या वेळा आतली तांब्याची वायर वाकते, आणि शेवटी बाहेरचं प्लास्टिक शाबूत दिसत असताना आतले धागे तुटतात. चिरेतून पाणी शिरतं आणि उरलेल्या धाग्यांवर हिरवट थर चढतो.

नळी हलक्या हाताने मागे सरकवा, टॉर्च मारा, प्रत्येक वायर बोटांत धरून किंचित ताणा. आतून तुटलेली वायर रबरासारखी लांबते.

इथली दुरुस्ती बहुतेक जण चुकीची करतात. तुटलेल्या जागीच दोन टोकं पिळून वर इन्सुलेशन टेप, फार तर सोल्डर. टेपचा गोंद एप्रिल-मेच्या उन्हात वितळून सरकतो. सोल्डर मारलेली जागा ताठ होते आणि दार हलताना वायर तिच्या शेजारी पुन्हा तुटते. बारीक धाग्यांची लवचीक वायर घ्या, नळीच्या आत जोड न ठेवता पूर्ण लांबीचा नवा तुकडा ओढा, आणि एक जोड दारात, दुसरा डॅशबोर्डच्या बाजूला करा, जिथे काहीच वाकत नाही. तिथे सोल्डर किंवा चांगला क्रिंप (धातूची नळी दाबून केलेला जोड) आणि वर हीट श्रिंक ट्यूब, गरम केली की आवळणारी. नळी चिरली असेल तर नवी शोधा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे दारासकट वायरिंग उतरवलेलं असतं, तिथे नळी मिळण्याची आशा असते.

बेस मॉडेलच्या गाड्यांत दारात मूळ वायरिंग नसायचंच. तेव्हा दुकानदाराने पत्र्याला भोक पाडून वायर ओवलेली असते आणि त्या भोकाला रबरी ग्रोमेट (धार झाकणारी कडी) नसतो. पत्र्याची धार वायर कापत राहते. ‘चारही एकदम गप्प’ या लक्षणाचं उगमस्थान मला बहुतेक वेळा इथेच सापडलंय. ग्रोमेट अगदी किरकोळ किमतीचा असतो.

पॅनल उघडणं आणि पाण्याचा माग

इथपर्यंतच्या तपासण्या झाल्यावरच पॅनल उघडा. त्याआधी बाजारातून आठ-दहा जादा क्लिप आणून ठेवा, कारण जुन्या क्लिपा काढताना तुटणारच. स्क्रू हँडलच्या टोपणाखाली, हातटेकणीच्या तळाशी आणि कधी कोपऱ्यातल्या आरशाच्या त्रिकोणाखाली लपलेले असतात. हाताने फिरवायच्या काचेचं हँडल असेल तर त्याच्यामागे तारेची छोटी क्लिप असते. हँडल आणि पॅनलच्या मध्ये फडकं घालून इकडून तिकडे ओढलं की ती निघते. कुठे उडाली ते बघा, नंतर तीच लागते. पॅनल खालून सोडवा आणि मग वर उचला. पॉवर विंडोच्या वायरी ताणू नका.

पॅनलच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसला पाहिजे. सगळ्या गोष्टीचं मूळ या कागदात आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

पाऊस काचेवरून ओघळतो आणि काचेच्या कडेच्या रबरातून काही पाणी दाराच्या आत जातंच. गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीत धरलेलं आहे. दाराचा आतला भाग हा ओला भाग आहे, आणि तळाशी असलेल्या भोकांतून पाणी बाहेर पडतं. प्लास्टिकचा कागद ओला भाग आणि गाडीची आतली बाजू यांच्यामधला पडदा आहे. त्याची खालची कड दाराच्या फटीत आतल्या बाजूला वळवलेली असते, म्हणजे कागदावरून ओघळलेला थेंब पुन्हा दारातच पडतो.

मग काच अडकते, मोटर जाते, कुलूप बिघडतं. कारागीर कागद टराटरा फाडून काम करतो आणि पुन्हा लावत नाही. काच व्यवस्थित चालते, मालक खूश. त्या दिवसापासून प्रत्येक सरीला पाणी स्पीकरच्या पाठीवर आणि पॅनलच्या पुठ्ठ्यावर पडायला लागतं. गिरगावातल्या एका काकांच्या वॅगनआरमध्ये ड्रायव्हरच्या बाजूचा स्पीकर सारखा जायचा आणि डावीकडचा मूळ स्पीकर मात्र अजून वाजत होता. उजव्या दाराची काच कधीतरी दुरुस्त झाली होती. आत कागदाच्या नुसत्या चिंध्या लोंबत होत्या. कागद नव्याने लावला आणि तिथे बसवलेला साधा स्पीकर नंतरच्या पावसाळ्यांत टिकला.

आता दाराच्या तळाची भोकं पाहा. त्यांत चिखल, पानं, गंजाचे पापुद्रे अडकतात. प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा. लोखंडी सळी नको, रंग निघून गंज धरतो. भोकं बुजली असतील तर दारात पाणी साठतं, वळणावर डुचमळण्याचा आवाज येतो आणि पाणी स्पीकरच्या खालच्या कडेपर्यंत चढतं.

मग परीक्षा घ्या. पॅनल आणि जुना स्पीकर काढलेला असताना काच बंद करा, बाहेरून काचेवर मगाने हळूहळू पाणी ओता आणि आत टॉर्च मारून पाहा. पाणी काचेच्या आतल्या बाजूने खाली जाऊन भोकांतून बाहेर पडलं तर ठीक. थेंब स्पीकरच्या खाचेच्या वरच्या कडेवरून येत असतील तर तिथे छत लावावं लागेल, ते कसं हे खाली ‘बसवताना’मध्ये आहे.

कागदासाठी जाड प्लास्टिक घ्या आणि चिकटवायला ब्यूटाइल टेप. तो काळा, कणकेसारखा मऊ असतो, उन्हात सुटत नाही आणि पुढच्या वेळी कागद काढून परत लावता येतो. पार्सलचा खाकी टेप मुंबईच्या दमटपणात महिनाभरही धरत नाही. सिलिकॉन वापरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं घेऊ नका. ते सुकताना निघणारं आम्ल पत्रा आणि तांबं खातं. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागा.

पॅनल काढल्यावर आतल्या पत्र्यावर गाळाची आडवी रेघ दिसली, स्पीकरच्या सांगाड्यात वाळलेला चिखल असला, तर ती गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात उभी होती. हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल ही नावं सांगायला नकोत, आणि २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तर शहरभर गाड्या बुडाल्या होत्या. अशा गाडीत स्पीकर ही शेवटची काळजी आहे. सीटखालचे, डॅशबोर्डखालचे जोड एकदा जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि मगच आवाजावर पैसे घाला.

जुना स्पीकर ठेवायचा की बदलायचा

स्पीकर सुटा करून टेबलावर ठेवा. दोन्ही हातांची बोटं कोनच्या कडेवर सारख्या अंतरावर ठेवून तो हलकेच आत दाबा. गुळगुळीत आत-बाहेर झाला तर कॉइल ठीक आहे. खरवडल्याचा आवाज आला तर कॉइल चुंबकाला घासतेय, गंज किंवा वाकलेला कोन, आणि हा स्पीकर संपला. कडेचा फोम हात लावताच भुगा होत असेल तरी संपला. बाकी नुसते टर्मिनल हिरवे पडले असतील तर ते घासून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पुन्हा सेल लावून बघा. कित्येक स्पीकर इथूनच परत गेलेत.

नवा निवडताना

आधी माप. चार इंची, सव्वापाच इंची, साडेसहा इंची आणि अंडाकृती सहा बाय नऊ ही सर्रास मिळणारी मापं. पुस्तिकेवर किंवा दुकानदाराच्या आठवणीवर विसंबू नका, जुन्या गाडीत आधीच्या मालकाने पत्रा कापलेला असू शकतो. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजा. त्याहून महत्त्वाची खोली. काच पूर्ण खाली करा आणि स्पीकरच्या खाचेतून पट्टी घालून पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर घ्या. नव्या स्पीकरची खोली त्याहून निदान पाच मिलिमीटर कमी हवी. नाहीतर काच चुंबकावर आपटेल. समोरची बाजूही पाहा. कोअक्सिअलचा (मोठा-छोटा स्पीकर एकाच सांगाड्यात) पुढे आलेला ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) पॅनलच्या जाळीला टेकला तर प्रत्येक गाण्यात खडखड ऐकू येईल.

खोली कमी पडली तर मध्ये जाड रिंग घालतात. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग मुंबईत लावू नका. पावसात ती बिस्किटासारखी फुगते आणि स्क्रू सुटतात. प्लास्टिकची रिंग घ्या.

कोन पॉलिप्रॉपिलीनचा (प्लास्टिकचा) आणि कडा रबराची. कागदी कोनचा आवाज अनेकांना, मलाही, जास्त गोड लागतो, पण समुद्राकाठच्या दमट शहरात, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या दारात तो टिकत नाही. कागदी कोन हवाच असेल तर मागच्या ट्रेवर लावा.

पेटीवरच्या मोठ्या वॅटच्या आकड्याकडे बघू नका, आरएमएस (सलग पेलणारी ताकद) किती ते बघा. डेकवर ‘५० वॅट गुणिले चार’ छापलेलं असलं तरी साध्या डेककडून प्रत्येक चॅनलला सलग मिळणारी ताकद पंधरा ते वीस वॅटच्या आसपास असते. गाडीचं व्होल्टेज चौदाच्या थोडं वर, स्पीकर चार ओहमचा, एवढ्यात याहून फार जास्त निघूच शकत नाही. म्हणून वेगळा ॲम्प्लिफायर लावणार नसाल तर संवेदनशीलता (तेवढ्याच ताकदीत किती मोठा आवाज) जास्त असलेला स्पीकर घ्या, ९० डेसिबल किंवा वर. तीन डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी निम्मी ताकद. तुलना करताना आकडा एक वॅटवर मोजलाय की २.८३ व्होल्टवर ते वाचा. चार ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट होतात आणि आकडा आपोआप तीनने फुगतो.

ओहम चार. डेकवर चार ते आठ लिहिलेलं असताना दोन ओहमचा स्पीकर लावला तर डेक तापतो.

कोअक्सिअल घ्यावा की कंपोनंट? जुन्या गाडीत, मूळ डेकवर, कोअक्सिअल पुरतो. कंपोनंटचा सुटा ट्विटर वर आरशाच्या कोपऱ्यात बसवता येतो आणि आवाज गुडघ्यापासून वर येतो, हा खरा फायदा आहे, पण क्रॉसओव्हरला (वरचे-खालचे सूर वेगळे करणाऱ्या डबीला) कोरडी जागा आणि बसवणाऱ्याला सवड हवी. पैसे मोजकेच असतील तर पुढच्या दोन दारांवर खर्च करा, मागचे आहेत तसे राहू द्या.

बसवताना

गाडीचा मूळ प्लग कापू नका. गाडीच्या मॉडेलची ॲडॉप्टर वायर मिळते. नाहीच मिळाली तर जोड क्रिंप करा. प्लस-मायनस आधी सेलने ठरवा. स्पीकर आणि पत्र्यामध्ये फोमची गॅस्केट हवी, नाहीतर कोनच्या पुढची आणि मागची हवा फटीतून एकमेकींना मिळते आणि बास नाहीसा होतो. स्पीकरच्या पाठीवर फोमचा पूर्ण कप बसवून मिळतो, पण त्याने स्पीकर कोंडतो. कपाचा खालचा अर्धा भाग कापून टाका, वरचं छत ठेवा. पाणी त्यावरून ओघळेल आणि स्पीकरला दाराची हवा मिळेल. वायर स्पीकरकडे खालून वर यावी असं वळण द्या, म्हणजे थेंब वळणाच्या तळाशी गळतो आणि टर्मिनलपर्यंत जात नाही.

पॅनल लावण्याआधी काच दोनदा पूर्ण खाली-वर करा, वाजवून पाहा, आणि मगाने पाणी ओतायची परीक्षा पुन्हा घ्या.

इथे थांबा

पिवळं आवरण असलेली वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर तो बहुधा एअरबॅगचा आहे. मीटर लावू नका, सोडवू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.

गाडी सीएनजीची असेल तर डिकीत, मागच्या सीटखाली किंवा पाइपच्या वाटेवर ड्रिल चालवू नका आणि स्पीकरची वायर गॅसच्या पाइपला बांधू नका. गॅसचा वास येत असेल तर बॅटरीलाही हात न लावता सीएनजी किटच्या अधिकृत केंद्रात दाखवा. पेट्रोलची टाकीसुद्धा बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली असते, तिथे लांब स्क्रू मारणं धोक्याचं आहे.

फ्यूज दुसऱ्यांदा उडाला, वायर गरम लागली, जळका वास आला तर बॅटरी सुटीच ठेवून ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. वेगळा ॲम्प्लिफायर लावायचा असेल तर बॅटरीपासून येणारी जाड वायर आणि बॅटरीजवळचा तिचा फ्यूज हे काम त्याच्याकडूनच करून घ्या. शिट्टीचं अर्थिंग शोधणंही त्याचंच काम. मूळ स्पीकर रिव्हेट मारून बसवलेले असतील, किंवा डेक गाडीच्या इतर यंत्रणांशी जोडलेला असेल, तरी पुढे जाऊ नका.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना तो नोंदींचा कागद बरोबर न्या. कुठला कोपरा गप्प आहे, सेलने टप्प आलं की नाही, मीटरवर किती ओहम आले, बॉडीशी आकडा आला का. एवढं समोर ठेवलं की तो सरळ दोषाकडे जातो. आणि दार उघडलंच तर प्लास्टिकचा कागद परत लावून घ्या. पॅनल चढवण्याआधी स्वतः उभं राहून पाहा, नवा ब्यूटाइल टेप लागत असेल तर त्याचे पैसे द्या.